सुनंदाबाई रजेवर असताना

सुनंदाबाई आठवडाभर रजेवर होत्या आणि त्या आठवड्यात मशीन एकदाही बंद पडलं नाही. रतिलालनं कागद परत सुरुवातीपासून उलगडला, मशीनच्या खोलीत फरशीवरच फतकल मारली आणि लाल पेन्सिल कानावरून काढली. मशीनला, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेला छोटा प्रिंटर दिवसभर कुरकुरत एकेक ओळ छापायचा: कोणतं टर्मिनल चालू झालं, डिस्कला वाचायला कुठं अडलं, कोणत्या कार्डानं तक्रार केली, मशीन कधी मेलं आणि कधी परत उठलं. शेतकऱ्यांच्या त्या सहकारी संघात तो कागद कुणी वाचत नसे. रद्दी भरपूर झाली की शिपाई गठ्ठा बांधायचा, आणि खताच्या पावत्यांबरोबर तोही जायचा. रतिलाल मात्र रोज सकाळी तो वाचायचा. त्याला संघानं पुण्याला शिकायला पाठवलं होतं, आणि तिथं एका म्हाताऱ्या इंजिनियरनं सांगितलं होतं, की मशीन एका झटक्यात कधी मरत नाही, आधी कुठंतरी कुरकुरतं. चहाच्या वेळी सगळे त्याची चेष्टा करायचे, काय रतिलालभाऊ, आज पेपरात काय विशेष? आज विशेष होतं. त्यानं आस्थापनेकडून हजेरीचं मस्टर मागून आणलं होतं, ते याच्यासाठी, की लोकांची तोंडं एकदाची बंद व्हावीत. मस्टर एका मांडीवर, प्रिंटरचा कागद म्हणजे लॉग दुसऱ्या मांडीवर. मशीन मेल्याची प्रत्येक खूण मस्टरशी ताडून पाहिली आणि प्रत्येक वेळी सुनंदाबाईंची सही तिथं होती. त्या सासूला दवाखान्यात घेऊन गेल्या तेव्हा मशीन चाललं, भाचीच्या लग्नाला यावलला गेल्या तेव्हा चाललं, आणि परत आल्या त्या दुपारी बसलं. कागद खोटं बोलत नाही असं तोच सगळ्यांना सांगत आला होता. आता चांगलाच तोंडघशी पडला होता तो.

खरं तर ही कुजबूज आजची नव्हती. सुनंदाबाईंचा नवरा संघाच्या खताच्या गोदामात होता. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत धडधाकट माणूस गेला. त्याच्या जागी संघानं बाईंना घेतलं, आणि नेमकं त्याच वर्षी मशीन आलं. आधी सगळे हसण्यावारी न्यायचे. बाई आल्या वाटतं, मशीन झोपलं. मग हळूहळू हसणं कमी झालं. प्रमिलाबाई वाईट बाई नाही, डब्यातलं भरीत आधी सुनंदाबाईंच्या पोळीवर वाढणारी, पण तीसुद्धा एकदा म्हणाली, माझा नाही हो विश्वास, पण पायगुण म्हणून काहीतरी असतंच ना? मशीन बसलं की खिडकीपाशी शेतकऱ्यांची रांग तुंबायची. शिरपूरहून पहाटेची एस्टी धरून आलेला माणूस युरियाच्या परमिटसाठी दुपारपर्यंत ताटकळायचा आणि मग सगळ्या संघाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कंपनीचा माणूस नाशिकहून दोनदा येऊन कार्ड बदलून गेला, मशीन ठणठणीत आहे म्हणाला, आणि तो बसस्टँडवर पोचायच्या आत मशीन परत बसलं. शेवटी मॅनेजर जीवरामभाऊंनी मार्ग काढला. सुनंदाबाईंना पिंपळनेरच्या डेपोत पाठवायचं. तिथं सगळं काम हातानं, मशीनच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी दहावीत, जळगावची खोली सोडली तर परत मिळायची नाही, हे जीवरामभाऊंना माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस एकदा मार्ग काढून मोकळा झाला, की त्याला त्या मार्गावरचे खड्डे दिसत नाहीत. रतिलालनं मध्ये पडून मुदत मागून घेतली. मला लॉग बघू द्या, महिनाअखेरीपर्यंत ऑर्डर टाइप करू नका. भाऊ म्हणाले, बघ बाबा, तुझं समाधान होऊ दे. आणि आता हे समाधान.

त्यानं कागदाची घडी घातली, पण डोकं काही घडी होऊन बसेना. पायगुणबियगुण आपण मानत नाही, हे तो स्वतःशी इतक्या वेळा म्हणाला, की आपण हे कुणाला पटवतोय असा प्रश्न त्याला पडला. लहानपणी शिरपूरकडच्या त्यांच्या गावी भिकुआत्या घरातच असायची. लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली, पांढऱ्या कपाळाची, भाकरी इतकी पातळ थापायची की गावात तिचं नाव होतं. वडील कापूस घेऊन बाजाराला निघाले की बैल जुंपता जुंपता रतिलालला हाक मारायचे, आवाज न चढवता, अगदी पाणी मागावं तसं. ‘भिकुले सांग, जराखं घरमाच थांब.’ तो पळत जाऊन सांगायचा. आत्या हातातलं काम तसंच टाकून मागच्या खोलीत जायची आणि गाडीचा आवाज वेशीपार झाला की बाहेर यायची. तिला कधी राग आलेला त्यानं पाहिला नाही. उलट कधी कधी निरोप पोचायच्या आतच ती उठलेली असायची. वडिलांचं आत्यावर प्रेम नव्हतं म्हणावं तर तेही नाही, बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं शेव आणायचे. हे सगळं एकाच घरात, एकाच माणसाच्या पोटात गुण्यागोविंदानं नांदायचं, आणि रतिलालला त्यात तेव्हा काही खटकलं नव्हतं. मग शिक्षण झालं, जळगाव झालं, पुणे झालं, आणि तो असल्या गोष्टींना हसायला शिकला. दोन वर्षांपूर्वी त्याचं आणि सुमनचं पहिलं बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही, होतं असं कधी कधी. रतिलालला ते वाक्य सहन झालं नव्हतं. कारण नाही म्हणजे काय? मशीन बंद पडतं तेव्हा कुठंतरी एक ओळ छापली जातेच ना. गावाहून आलेल्या आईनं सुमनचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि त्याच्याकडं न बघता विचारलं होतं, ‘त्या रोज वाटमा कोन आडवं उनं व्हतं?’ तो आईवर ओरडला होता. पण ओरडायच्या आधी, क्षणभर, कोण आडवं आलं होतं ते त्यानं आठवून पाहिलं होतं. आता सुमनला नववा महिना लागला होता, आई परत येऊन राहिली होती, आणि मांडीवरचा कागद म्हणत होता की बाई असली की मशीन मरतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद परत घेतला तो जरा रागानंच. या वेळी मस्टर बाजूला ठेवलं. मेल्याची ओळ पाहायची नाही, तिच्या वरच्या ओळी पाहायच्या, असं ठरवून बसला. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे त्यानं पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मशीन मरायच्या आधी दर वेळी एकाच पोर्टची तक्रार छापलेली होती. नुसती एकदा नाही, ओळीमागून ओळ, तोच पोर्ट, तीच चूक, मशीन ऐकून ऐकून थकेपर्यंत. बाकीच्या पोर्टांचं नावसुद्धा नाही. हा पोर्ट म्हणजे कोपऱ्यातलं टर्मिनल, रेकॉर्डरूमच्या भिंतीला लागून असलेलं, कूलरच्या शेजारचं, आणि तिथं फक्त सुनंदाबाई बसायच्या. त्या रजेवर असल्या की त्या टर्मिनलवर खोळ घातलेली असायची, कुणी चालूच करायचं नाही. त्यामुळं बाई नसल्या की मशीन चालायचं, हे खरंच होतं. पण त्या टेबलावरचं टर्मिनल बंद असलं की मशीन चालायचं, हेही तितकंच खरं होतं, आणि या दोघांत फरक करायचा तर कागदाकडं काही साधन नव्हतं. बाई आणि टेबल आजवर कधी वेगळी झालीच नव्हती.

तिथं त्या बसायला लागल्या ती गोष्ट रतिलालनं कधी नीट मनावर घेतली नव्हती. आधी त्यांचं टेबल रांगेत, प्रमिलाबाई आणि लताबाईंच्या मध्ये होतं. संक्रांतीला बायका ऑफिसातच हळदीकुंकू करायच्या, जेवणाच्या सुट्टीत, वाण म्हणून चहाच्या गाळण्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे. पहिल्या संक्रांतीला सुनंदाबाई कुणी काही म्हणायच्या आधी उठल्या आणि माठ भरायच्या निमित्तानं बाहेर गेल्या, आणि सगळं आटोपेपर्यंत नळावरच राहिल्या. माठ भरायला इतका वेळ लागत नाही हे सगळ्यांना कळत होतं. कुणालाच बरं वाटलं नाही. आणि बरं न वाटल्यावर माणसं काय करतात? ज्याच्यामुळं बरं वाटत नाही त्याला नजरेआड करतात. लताबाईनं गोड शब्दांत सुचवलं, की सुनंदाताई, तुम्ही कोपऱ्यात का नाही बसत, कूलरचा वारा थेट येतो. सुनंदाबाईंनी आभार मानले. झुलाल इलेक्ट्रिशियननं भिंतीवरून नवी केबल ओढली, यूपीएसची लाईन तिथवर पोचत नव्हती म्हणून टर्मिनलची पिन कूलरच्याच बोर्डात खोचली, आणि काम संपलं. रतिलाल तेव्हा तिथंच उभा होता. केबलला ताण पडतोय का तेवढं त्यानं पाहिलं होतं.

सोमवारी सुनंदाबाई हजर झाल्या. नेहमीसारख्या कडेकडेनं आल्या, टेबलावरची खोळ काढली, घडी केली. रतिलाल त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, बाई, दोन-तीन दिवस तुम्ही माझ्या जागेवर बसा, मी इथं बसतो. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. ‘नको रतिलालभाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं ते चालू आहे. चालू राहू द्या.’ याच्यात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून कुणी सावध करावं तसं त्या म्हणाल्या, आणि रतिलालच्या ध्यानात आलं, की ऑफिसात पायगुणावर सगळ्यात पक्का विश्वास या बाईचाच आहे. त्यानं मग आग्रह केला नाही. रेकॉर्डरूममधल्या जुन्या फायली लावायचं काम काढून त्यांना तिकडं बसवलं, आणि स्वतः कोपऱ्यात बसला.

मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे दहाच्या सुमारासच खिडकीच्या गजांना हात लावून बघायची सोय नसते. कूलरच्या वाळ्यातून ओलसर वास येत होता, पंखा धडधडत होता, आणि रतिलाल डेपोंचा शिल्लक माल भरत बसला होता. एक डोळा पडद्यावर, एक कान प्रिंटरकडं. सकाळ गेली. काही झालं नाही. जेवण झालं, तरी काही झालं नाही. नाहीच बंद पडलं तर? आपण बसलो आणि चाललं, बाई बसल्या की मरतं, मग या कागदाचं काय करायचं? जीवरामभाऊंना काय सांगायचं ते पुढचं, सुमनकडं घरी जाऊन कुठल्या तोंडानं बघायचं? तो स्वतःवर वैतागला. सुमनचा इथं काय संबंध? पण संबंध नाही म्हटल्यानं तो विचार जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो मशीन बंद पडावं म्हणून देवाचं नाव घेत होता, आणि कुठल्या देवाचं हेही त्याला धड ठरवता येत नव्हतं. मग कूलरचं पाणी संपलं म्हणून शिपायानं पाणी ओतलं आणि पंप परत चालू केला. पडद्यावर एकदम भलतीच अक्षरं धावायला लागली, आत प्रिंटर वेड्यासारखा कुरकुरला आणि थांबला. सगळ्या टर्मिनलवरची माणसं एका दमात म्हणाली, गेलं! आणि सगळ्यांच्या माना सवयीनं कोपऱ्याकडं वळल्या. तिथं रतिलाल बसला होता, आणि हसत होता. इतका आनंद त्याला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता. आनंदात त्यानं टेबलाच्या लोखंडी कडेवर हात टेकला आणि तो झटकन मागं घेतला. हाताला मुंग्या आल्या होत्या. परत टेकला, परत मुंग्या. कूलरच्या पत्र्याला बोट लावलं तर सणसणीत झटका. अर्थिंगचा पत्ताच नव्हता. पंप लागला की कूलरचा करंट टेबलात, टेबलातून टर्मिनलमध्ये, आणि केबलवरून थेट मशीनच्या कार्डात.

दारात सुनंदाबाई उभ्या होत्या, हातात फायलींचा गठ्ठा. रतिलालनं विचारलं, बाई, तुम्हाला इथं हाताला मुंग्या येत नव्हत्या? त्या म्हणाल्या, यायच्या ना. रोज यायच्या. उन्हाळ्यात जास्त. मग बोलला का नाहीत, त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज नकळत चढला, कारण बाईच्या जिवावर बेतलं असतं हे आता त्याला उमगत होतं. एरवी ऑफिसात त्या अगदी शुद्ध बोलायच्या, आता यावलकडचं बोलणं तोंडात आलं.

‘मले वाटलं, हे माह्यातूनच येते.’

रतिलालनं उठून कूलरची पिन काढली.

जीवरामभाऊंच्या केबिनमध्ये तो कागद घेऊन गेला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता सगळं सोपं आहे. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. पोर्ट, पंप, अर्थिंग, सगळं त्यांना कळलं, माणूस हुशार होता. झुलालला बोलावून त्याची चंपी केली, संध्याकाळच्या आत अर्थिंग करून दे म्हणाले. आणि मग चष्मा पुसत म्हणाले, की हे छान झालं, आता मशीनचा प्रश्न मिटला. पण बाईंचं पिंपळनेरचं राहू दे तसंच. का? अरे, लोकांच्या मनात एकदा बसलं ते बसलं, उद्या दुसरं काही बिघडलं की परत त्यांचंच नाव येईल, त्यापेक्षा त्यांनाही तिकडं सुखच आहे. भाऊ हे मनापासून म्हणत होते. लताबाईनं कूलरच्या वाऱ्याचं सांगितलं होतं तेही मनापासूनच असणार. रतिलालला एकदम संताप आला, आणि तो असा संतापणारा माणूस नव्हता. त्यानं कागद भाऊंच्या समोर पसरला आणि आजच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘भाऊ, हे बघा. आज मशीन पडलं तेव्हा त्या खुर्चीवर मी होतो. मग पाठवा मला पिंपळनेरला.’

‘चिडतोस काय असा?’

‘चिडत नाही. नियम सगळ्यांना सारखा लावा म्हणतो. मी बसलो, मशीन पडलं. माझाही पायगुण वाईट. काढा ऑर्डर.’

भाऊंनी त्याच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग हसले. हसल्यावर त्यांच्यानं ऑर्डर काढवेना. बस, पाणी पी, म्हणाले. पाणी पिताना रतिलालच्या लक्षात आलं की आपण सुनंदाबाईंसाठी भांडलो की स्वतःसाठी, हे नक्की सांगता येणार नाही. पण काम झालं होतं. सुनंदाबाईंचं टेबल परत रांगेत आलं. प्रमिलाबाईनं स्वतः खुर्ची सरकवून जागा केली, लताबाई म्हणाली, बरं झालं बाई, कोपऱ्यात दिसतच नव्हता तुम्ही. प्रिंटर आता दिवसचे दिवस गप्प असायचा. शेतकरी परमिट घेऊन दुपारच्या आत परतीची एस्टी धरायला लागले. सुनंदाबाई एकदा केळीच्या वेफर्सची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून गेल्या, भावानं पाठवलेत म्हणाल्या. जाता जाता विचारलं, वहिनींचे दिवस भरत आले ना? हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच, विचारायला नको होतं की काय असं वाटून, त्या आपल्या टेबलाकडं वळल्या. रतिलालला तेव्हा त्यांना म्हणायचं होतं, की अहो बाई, आता तरी सोडा हे. पण त्यानं म्हटलं नाही. मनात मात्र तो स्वतःवर खूश होता. एक गोष्ट आपण मुळापासून काढली असं त्याला वाटत होतं, आणि कुणाला ती सांगताना तो आता भिकुआत्याचाही दाखला द्यायला लागला होता.

सुमनला कळा सुरू झाल्या त्या सकाळी, दूधवाले फिरायच्या वेळेला. रतिलालनं कोपऱ्यावरून रिक्षा आणली. आई सुमनला धरून मागं बसली, तो रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या बुडावर. सुमन ओठ दाबून होती, एकदाही ओरडली नाही, आणि त्यामुळंच त्याला जास्त भीती वाटत होती. गल्ली संपून रिक्षा रस्त्याला लागली आणि समोरून सुनंदाबाई आल्या. हातात दुधाची किटली, अगदी समोरून, रस्त्याच्या याच बाजूनं. त्यांनी रतिलालला ओळखलं, हसल्या, हात वर करायला लागल्या. मग मागची सुमन दिसली, आईनं तिला धरलेलं दिसलं. हात अर्ध्यातून खाली आला. रस्त्याच्या कडेला डाळमिलचा टेम्पो उभा होता. त्या चटकन त्याच्या मागं गेल्या, डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

थांब, असं रिक्षावाल्याला म्हणायला रतिलालकडं वेळ होता. रिक्षा खड्ड्यासाठी हळू झालीच होती. नुसतं बाई म्हणून हाक मारली असती तरी चाललं असतं. तोंड उघडलं नाही. तो टेम्पोकडं बघत होता आणि रिक्षा टेम्पोच्या पुढं जायची वाट पाहत होता, आणि ती पुढं गेली तेव्हा त्याचा इतका वेळ रोखलेला श्वास सुटला. मागून आई हळूच म्हणाली, ‘बाई समजदार शे.’

सुमननं काही पाहिलं नव्हतं. रतिलालला हायसं वाटत होतं. ते त्याला स्पष्ट कळत होतं आणि त्याला ते नाकारता येईना. भांडून त्यानं त्यांना रांगेत जागा मिळवून दिली होती, म्हणूनच तर त्यांनी आज हे त्याच्यासाठी केलं होतं, अगदी प्रेमानं, आणि त्यानं ते निमूट घेतलं होतं. दवाखान्याच्या वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं. टेम्पोच्या मागं त्या अजून तशाच उभ्या होत्या, भिंतीकडं तोंड करून, रिक्षाचा आवाज पुरता जाईपर्यंत.